नदी : आधी अन्नदात्री, मग तीर्थमाता



स्नानाच्या वेळी आपण गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू व कावेरी या सात नद्यांचे स्मरण करतो. या मातांनी मानवाला सर्वप्रथम काय दिले, याचेही चिंतन तीर्थयात्रेत घडावे. नदीकाठी देवालयाचा कळस उभा राहिला, त्याच्या कितीतरी शतके आधी तेथे धान्याचे कणीस उभे होते.

महाराष्ट्रातील आद्य शेतकऱ्यांची गावे तापी, गोदावरी, प्रवरा व भीमा यांच्या खोऱ्यांत वसली. पठारावर पर्जन्य बेताचे. परंतु नदीकाठची काळी माती ओल धरून ठेवते, गुरांना चारा मिळतो आणि उन्हाळ्यातही डोहात पाणी राहते. प्रवरातीरी दायमाबाद येथे 1974 साली सापडलेली रथ, हत्ती, गेंडा व रेडा यांची ओतीव धातुशिल्पे या खोऱ्याच्या प्राचीन वैभवाची साक्ष देतात.

भीमेस मिळणाऱ्या घोड नदीच्या तीरावर इनामगाव येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केले. इ.स.पू. सुमारे 1600 ते 700 पर्यंत नांदलेले हे गाव. तेथील लोक मुख्यत्वे जव पिकवीत. पाणी वळविण्यासाठी त्यांनी पाट व बांध घातला होता, धान्यासाठी कोठार बांधले होते. पाट एकट्याच्या बळावर खणला जात नाही. नदीने पाणी दिले. त्या पाण्याभोवती मनुष्य एकत्र येऊन श्रमू लागला, तेव्हा संस्कृती जन्मास आली.

पुढे इ.स.पू. 1000 नंतर पर्जन्यमान घटत गेले. प्रशस्त चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती मागे पडून शिकारीवर भिस्त वाढली आणि अखेर गाव ओस पडले. नदीचे पाणी आटले की घर, अंगण व उत्सव यांचाही आधार सुटतो, हे आपण विसरू नये.

प्रवरेच्याच काठी नेवासे येथेही अशीच प्राचीन शेतकरी वस्ती होती. त्याच नेवाशात शके 1212 मध्ये श्री ज्ञानेश्वर महाराजांनी ज्ञानेश्वरी सांगितली. ज्या तीराने देहाला अन्न दिले, त्याच तीराने जिवाला ज्ञान दिले.

म्हणून भक्तजनहो, निर्माल्य, जुनी वस्त्रे व प्लास्टिकच्या पिशव्या प्रवाहात सोडू नका. जिला आई म्हणून हात जोडले, तिच्या पदरात कचरा टाकणे हे पुण्यकर्म नव्हे. आणि दातेहो, आपण अन्नदानासाठी अर्पण केलेला प्रत्येक शेर धान्य त्या प्राचीन कोठाराचीच परंपरा पुढे चालवितो. नदीचे ऋण फिटणारे नाही. ते स्मरून वागणे एवढेच आपल्या हाती आहे.

॥ शुभं भवतु ॥