दोन्ही वाटा उघड्या

लग्नाआधी दिवस गेल्याचं घरात पाचव्या-सहाव्या महिन्यात कळतं, तेव्हा घरातले सगळे बोलत असतात, ती सोडून. आई रडते, मामा ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावतो, कुणीतरी लांबच्या गावच्या मावशीचं नाव काढतं. ‘झालं की देऊन टाकू’ हे वाक्य त्याच गडबडीत येतं आणि ठरलं म्हणून मोकळं होतं. कुणाला द्यायचं, कसं द्यायचं, आणि मुख्य म्हणजे तिला द्यायचं आहे का, हे विचारायचं राहूनच जातं.

दत्तक घेणाऱ्यांच्या कहाण्या आपण आवडीने वाचतो. त्यांत बाळाला जन्म देणारी बाई एका ओळीत उरकली जाते: कुणी अभागी. पोटात बाळ हालत असताना ‘याला दुसऱ्या घरी द्यावं का’ असा विचार करणारी बाई अभागी असेलही, पण ती विचार करणारी आहे. त्या विचाराला जागा मिळावी, एवढ्याचसाठी हा लेख.

तिच्या वाट्याला हा प्रश्न बहुतेक वेळा उशिरा येतो. गर्भपाताची मुदत कायद्याने सर्वसाधारणपणे 20 आठवडे आणि ठरावीक परिस्थितीत 24 आठवडे आहे. अविवाहित स्त्रियांनाही 24 आठवड्यांची मुभा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2022 मध्ये स्पष्ट केलं. पण भीतीने गप्प बसलेल्या मुलीचे आठवडे भराभर जातात. फेब्रुवारी 2023 मध्ये अभियांत्रिकी शिकणारी वीस वर्षांची एक मुलगी याच न्यायालयापुढे आली, तेव्हा तिला सुमारे 29 आठवडे झाले होते. गर्भपात सुरक्षित नव्हता. दिल्लीच्या एम्समध्ये तिचं बाळंतपण व्हावं आणि बाळ नोंदणी केलेल्या जोडप्याला दत्तक द्यावं, अशी व्यवस्था न्यायालयाने आपले विशेष अधिकार वापरून केली. तिच्याशी सगळे मायेने वागले, याचं मला फार मोल वाटतं. तरीही हा अपवाद होता, आणि तो अपवादच राहावा.

कारण नेहमीचा रस्ता वेगळा आहे, आणि माझ्या मते जास्त शहाणा आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार बाळाचा त्याग करायचा तो जन्मानंतर, बालकल्याण समितीपुढे, चौकशी आणि समुपदेशन झाल्यावर. अविवाहित आई एकटी सही करू शकते. विवाहित जोडप्यात दोघांची सही लागते. सहीनंतरही दोन महिने फेरविचाराला मिळतात. त्या काळात तिचं मन बदललं, तर समिती चौकशी करून बाळ तिला परत देऊ शकते. ते दोन महिने संपल्यावरच बाळ दत्तकासाठी मोकळं होतं. म्हणजे गरोदरपणात ‘देईन’ म्हणालेली बाई त्या शब्दाने बांधली जात नाही. मामाने परस्पर ठरवलेलं घर, नर्सिंग होममधून मिटवलेला व्यवहार तिला हे दोन महिने देत नाही. त्यात पैसे फिरले तर तो बाळाच्या विक्रीचा गुन्हा होतो. रुग्णालयातल्या कुणाचा हात असेल, तर शिक्षा तीन ते सात वर्षांची.

हा शहाणपणा आपल्याकडे जुना आहे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवेला दिवस गेले तर तिच्यापुढे विहीर, विष किंवा बाळाचा गळा, अशी ती वेळ होती. स्वतःचं मूल मारल्याबद्दल काशीबाई नावाच्या विधवेला अंदमानला धाडल्याची हकिगत जोतीरावांनीच लिहून ठेवली आहे. फुल्यांच्या घरात बाईने गुपचूप यावं, सुखरूप बाळंत व्हावं. मूल न्यायचं की ठेवून जायचं, हे तिच्या मर्जीवर. त्यांनी तिला ‘मूल ठेवलंच पाहिजे’ असं म्हटलं नाही आणि ‘सोडलंच पाहिजे’ असंही नाही. अशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी पुढे दत्तक घेतला आणि तो डॉक्टर झाला.

तिच्या मर्जीवर सोडणं आजही अवघडच जातं. दत्तकासाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबलेली जोडपी हजारोंनी आहेत, कायदेशीर दत्तक होतात वर्षाला चार हजारांच्या आसपास. त्यांची तहान खरी आहे. पण ती भागवण्याचं ऋण या मुलीच्या डोक्यावर नाही, आणि ‘एका घराचा पाळणा हलेल’ असं तिला सांगणं हा दबावच आहे. दुसऱ्या बाजूने ‘कसली आई तू’ हाही दबावच. मूल वाढवायचं म्हटलं तर काय हाताशी आहे, हे तिला सातव्या महिन्यातच कुणीतरी सांगायला हवं. बापाचं नाव न सांगताही आईला पालकत्व मिळू शकतं, हे 2015 सालीच सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं आहे. सावित्रीबाईंच्याच नावाच्या बालसंगोपन योजनेत महिना 2250 रुपये मिळू शकतात. तेवढ्यात मूल वाढत नाही, हे खरं. पण माहितीच नसेल, तर तिने निवड केली असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

आणि सही झाल्यावर? बाळ गेलं तरी पान्हा यायचा थांबत नाही. बाळ घरी असतं तर सरकारी आरोग्यसेवेतल्या आशाताई बेचाळीस दिवसांत सहा वेळा आल्या असत्या; त्या भेटी नवजात बाळासाठी ठरलेल्या आहेत. बाळ नाही, तर भेटी नाहीत. छाती दाटली, ताप आला, रात्र रात्र झोप लागेना, हे तिने कुणाला सांगायचं? दोन महिन्यांच्या फेरविचाराला अर्थ यायचा असेल, तर त्या दोन महिन्यांत दर आठवड्याला तिच्या दारात एखादी प्रशिक्षित समाजसेविका गेली पाहिजे, घरच्यांना बाहेर बसवून तिच्याशी एकटीशी बोलली पाहिजे, आणि तो खर्च शासनाने उचलला पाहिजे.