उरलेली ओल कोणाची?

नांगरट जितकी खोल तितका शेतकरी कष्टाळू, हा समज आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या रुजलेला आहे. कष्टालाच पुण्य मानणाऱ्या आम्हांला, हात आवरणे हेही कर्तव्य असू शकते, हे सहज पटत नाही. माळव्यातील गव्हाचे शेत या बाबतीत विचार करावयास लावते.

१९७०च्या दशकात सोयाबीनचा प्रसार होण्यापूर्वी येथील पुष्कळशी काळी जमीन पावसाळ्यात पडीक ठेवीत. वखराच्या पाळ्या देऊन तण काढावयाचे, पाऊस मुरू द्यावयाचा, वरचा थर भुसभुशीत ठेवून खालची ओल राखावयाची आणि पाऊस ओसरल्यावर त्या ओलीवर गहू पेरावयाचा. जमिनीत ओल जितकी, पीक तितकेच. हावेला मर्यादा मातीच घालीत असे. पद्धत निर्दोष मात्र नव्हती. उघड्या रानातील माती पावसाबरोबर वाहून जाई.

आजचे शास्त्र निराळ्या वाटेने त्याच हेतूकडे येते. नांगरटीने ओली माती वर येऊन सुकते. म्हणून नांगरणी टाळून, आधीच्या पिकाचे काड न जाळता, त्यातच यंत्राने गहू पेरतात. काडाच्या आच्छादनाने बाष्पीभवन घटते. जुन्या मुळांच्या आणि गांडुळांच्या वाटांनी पाणी खाली मुरते. तणांसाठी मात्र बहुधा तणनाशकाचा आधार घ्यावा लागतो.

परंतु आमच्या मते खरा प्रश्न याच्या पुढचा आहे. समजा, पाण्याची एक पाळी वाचली आणि त्या पाण्यावर आणखी दोन बिघे भिजवले, तर वाचले काय? भूगर्भातील पाणी शेताचा बांध ओळखत नाही. काटकसर करून उरलेले स्वतःच वापरणे हा व्यवहार झाला. शेजाऱ्याच्या विहिरीसाठी ते मागे ठेवणे, हे संधारण.

शहरात बसून गव्हाची पोळी खाणाऱ्या आम्ही हा उपदेश एकट्या, कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला करणे शोभणार नाही. एकट्याच्या संयमाचा लाभ शेजारचा पंप उचलतो. संयम गावाचा असावा लागतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने शेतीसाठी कूपनलिका घेण्यास बंदी केली आणि पावसाचा ताळेबंद मांडून पिके ठरवण्याची रीत पाडली. वखर असो वा यंत्र, अवजार ओल राखू शकते. ती कोणासाठी राखावयाची, हे माणसांनाच एकत्र बसून ठरवावे लागते.