नजर आणि नोंद

दुर्बिणीतून आकाश बघण्याचे वेड मला पंचेचाळिसाव्या वर्षी लागले. या वयात माणसाला मधुमेह तरी जडतो, नाही तर अध्यात्म. त्या मानाने दुर्बीण बरी, असे सौ.चे मत. गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी सारून शनीची कडी पाहिल्यावर मी जाहीर केले, "आता आपण काहीतरी शोधणार!" ती म्हणाली, "आधी गॅसचं पुस्तक शोधा."

पण माझ्या आशेला आधार होता. विल्यम हर्शेल हा पेशाने संगीतकार. चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, शिकवण्या करायचा. १३ मार्च १७८१ च्या रात्री इंग्लंडातल्या बाथ गावी, घरामागच्या बागेत, स्वतः घडवलेल्या दुर्बिणीतून त्याला एक तारा शेजाऱ्यांपेक्षा अंमळ गरगरीत दिसला. चार रात्रींनी पाहतो तो स्वारी सरकलेली! त्याला वाटले धूमकेतू. गणितज्ञांनी हिशेब केला, तो निघाला शनीपलीकडचा ग्रह, युरेनस.

गंमत पुढेच आहे. हाच युरेनस ग्रिनिचच्या फ्लॅमस्टीडने १६९० सालीच पाहिला होता आणि वृषभ राशीतला चौतिसावा तारा म्हणून टिपलाही होता. पॅरिसच्या लमॉनिएने तर जानेवारी १७६९ मध्ये तो अनेकदा पाहिला. आमच्या भाषेत सांगायचे तर तारीख बरोबर, आकडा बरोबर, फक्त खाते चुकीचे!

मग यांना दोषी धरायचे का? कारकून म्हणून माझे मत यांच्या बाजूने. लमॉनिएने पाहिले तेव्हा ग्रह जागच्या जागी थबकल्यासारखाच होता. बिचारा काय ओळखणार? आणि या जुन्या नोंदी खोट्या नव्हत्या, म्हणूनच पुढे युरेनसची कक्षा मांडताना त्या कामी आल्या. प्रामाणिक नोंद वाया जात नाही, असे म्हणून मी स्वतःची पाठ थोपटणार होतो.

पण मला एक पेन्शनर आजोबा आठवले. अकरा वर्षे दर महिन्याला ते माझ्या काउंटरवर येत आणि मी त्यांची सही ताडून पाही. शेवटी शेवटी सही थरथरू लागली. मी स्लिप परत सरकवून म्हणे, "सही नीट करा." एक दिवस त्यांचा मुलगा खाते बंद करायला आला. नाव वाचले आणि काही केल्या चेहरा आठवेना. सही मात्र डोळ्यांपुढे उभी राहिली, शेवटच्या 'र'च्या थरथरीसकट.

माझीही नोंद अचूकच होती. पण युरेनस ९० वर्षे थांबू शकला. माणसाला तेवढी सवड नसते.

तेव्हापासून मी काउंटरवर मान वर करून बघतो. रांग हळू सरकते, साहेब कुरकुरतात. परवा एका आजींना विचारले, "काय आजी, बरं आहे ना?"

त्या दचकल्या. "का रे बाबा? पेन्शन जमा नाही झाली का?"