गिरडच्या टेकडीवर

चढण सावकाश चढा. वर्धा जिल्ह्यातलं गिरड. वर ख्वाजा शेख फरीदबाबांचा दर्गा. धाप लागेल. दर्शन झालं की कडेला बसा. श्वास घाईनं सावरू नका, जाऊ द्या बाहेर. त्यातला कर्बवायू आत्ता तुमच्या रक्तात होता.

पायाशी पडलेला एक गोल खडा तळहातावर घ्या. बाबांची थट्टा करणाऱ्या दोन व्यापाऱ्यांचा माल दगड झाला, तोच हा, असं भाविक सांगत आले. भूगर्भतज्ज्ञ याला झिओलाइट म्हणतात. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजला, त्यातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. झिरपत्या पाण्यानं त्या खनिजांनी भरल्या. मला या दोन्ही कथा जवळच्या वाटतात.

आता खड्याच्या आत जा. तिथं खोल्याच खोल्या, रेणूएवढ्या दारांच्या. भिंतींशी सोडियम, कॅल्शियमचे विद्युतभारित कण. कर्बवायूचा रेणू आला की ते त्याला ओढून धरतात. हे पिणं नव्हे. पाणी मातीत मुरतं तसं मुरणंही नव्हे. नुसतं पृष्ठभागाशी धरून ठेवणं. शास्त्रात याला अधिशोषण म्हणतात. ऊब वाढली की पकड सुटते. आणि पाणी आधी येऊन बसलं, तर वायूला फारशी जागाच उरत नाही. जमिनीखालचा दगड तर बहुधा ओलाच.

इथं थोडं थांबा. धरलेलं सुटतं, एवढंच मनात राहू द्या.

खडा होता तिथं ठेवा. हात खालच्या काळ्या पाषाणावर टेका. हा बसाल्ट. कर्बवायू विरघळलेलं पाणी किंचित आंबट होतं. ते पाषाणातून कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह सोडवून घेतं, आणि त्यांच्याशी जुळून वायूचं खनिज होतं. आइसलँडमध्ये 2012 साली असं पाणी बसाल्टमध्ये सोडलं. शतकं लागतील असं वाटत होतं. दोन वर्षांच्या आत सुमारे 95 टक्के वायूचा दगड झाला. दख्खनचा पाषाण त्याच जातीचा, सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला. हे आठवलं की हाताखालचा दगड मला मुका वाटत नाही.

घरी परतल्यावर, विहिरीच्या खोदकामातल्या काळ्या दगडात पांढरं कॅल्साइट, म्हणजे असंच एक खनिज, दिसलं, तर त्यावर लिंबाचा थेंब टाका. कान जवळ न्या. बारीक बुडबुडे येतील. कोण जाणे कधीपासून दगड होऊन राहिलेला तोच वायू. ते थांबेपर्यंत पाहत राहा.