शुफा आणि शेजार

कोकणात वाडीतली जमीन बिनशेती होते, प्लॉट पडतात, शहरवाल्यांसाठी बंगले उठतात. आपली जमीन आपण विकली, यात गैर काय?

शरियतमध्ये 'शुफा' नावाचा हक्क आहे. परक्याने दिलेलाच भाव देऊन ती जमीन आधी घेण्याचा हा हक्क. हनफी मजहबात तो शेजाऱ्यालाही मिळतो. आपण कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. आपल्याकडे तो फक्त सहहिस्सेदाराचा. बहीणही सहहिस्सेदारच, पण तिच्याकडे आपण नुसती सही मागतो. शेजाऱ्याला तर विचारतच नाही, आणि त्याची विहिरीची वाट नव्या कुंपणात जाते.

मसला शाफई असला, तरी शेजाऱ्याशी भलाईने वागण्याचा हुकूम सगळ्यांनाच आहे. बयाणा घेण्याआधी बहिणीला आणि शेजाऱ्याला विचारावे, वाट खरेदीखतात लिहून घ्यावी. एवढे तरी आपल्या हातात आहे.