शांतता म्हणजे रिकामेपण नव्हे

यंत्राने माणसाचे काम करावे की नाही, हा वाद आता जुना झाला. त्याहून नाजूक प्रश्न निराळाच आहे. यंत्राने माणसाच्या वतीने सार्वजनिक जागेत बोलावे काय, आणि बोलावयाचे झाल्यास सभ्यतेचे कोणते बंधन त्याच्या धन्याने पाळावे? या प्रश्नाच्या विचारास हौशी रेडिओचे लहानसे जग आम्हांस फार सोयीचे वाटते. कारण तेथे तो रोज प्रत्यक्षात उभा राहतो.

हौशी रेडिओ, ज्याला बोलीत ‘हॅम’ म्हणतात, हे द्रव्यलोभाविना, स्वतःच्या शिक्षणासाठी व परस्परसंवादासाठी चालविलेले बिनतारी दळणवळण होय. परवानाधारकांना रेडिओलहरींचे काही ठराविक पट्टे मोकळे करून दिलेले असतात. त्यांतील कोणतीही जागा कोणा एकाच्या मालकीची नाही. अमेरिकेच्या नियमावलीत तर हे तत्त्व स्पष्ट शब्दांत नोंदलेले आहे. म्हणून या मंडळींचा पहिला आचारधर्म असा की, बोलण्यापूर्वी ऐकावे. कोणी ऐकू आले नाही, तरी मोर्सच्या लिपीत ‘क्यू.आर.एल.?’ असे विचारावे. ‘ही जागा गुंतलेली आहे काय?’ असा त्याचा भावार्थ. मग क्षणभर थांबावे.

ऐकल्यावर पुन्हा विचारावयाचे कशासाठी? लघुलहरी वातावरणाच्या वरच्या थरांवरून परतून दूर उतरतात आणि मधला प्रदेश ओलांडून जातात. त्यामुळे दोघांच्या संभाषणातील एकाचा आवाज आपल्यापर्यंत पोचतच नाही, आणि दुसरा त्या वेळी ऐकत असल्याने गप्प असतो, असे वारंवार घडते. आपल्याला जी शांतता वाटते ती दुसऱ्या कोणाच्या संभाषणाचा अर्धा भाग असू शकते. शांतता म्हणजे रिकामेपण नव्हे, हे या आचाराचे मर्म आहे.

आता या जगात यंत्र आले. धनी झोपलेला असो वा परगावी गेलेला असो, त्याचा संच आपोआप संदेश सोडतो, आलेल्या हाकेस उत्तर देतो. ते सरसकट निषिद्ध ठरवावे, असे आम्ही म्हणणार नाही. अठरा ठिकाणच्या आंतरराष्ट्रीय दीपस्तंभ-केंद्रांची योजना पाहावी. श्रीलंकेतही त्यांतील एक केंद्र आहे. १४·१०० मेगाहर्ट्झसह पाच ठरलेल्या जागांवर प्रत्येक केंद्र तीन मिनिटांच्या फेरीत आपल्या पाळीचे दहा सेकंदच घेते. आपले नाव व पहिली दीर्घ खूण ते १०० वॉटने सोडते; पुढील तीन खुणा १०, १ आणि शेवटी एक दशांश वॉटने. लहरी कोठवर पोचतात, हे त्यावरून जगभर कळते. येथे यंत्र आहे, पण त्याची जागा ठरलेली, वेळ मोजलेली आणि आवाज उत्तरोत्तर मंद होणारा.

अमेरिकेच्या नियमांतही हाच विवेक दिसतो. स्वयंचलित डिजिटल केंद्रांना लघुलहरींवर काही मोजके भाग नेमून दिले आहेत. त्यांबाहेर अशा केंद्राने माणसाच्या ताब्यातील केंद्राने हाक दिली तरच उत्तर द्यावे, आणि तेही ५०० हर्ट्झहून अधिक रुंदी न व्यापता. आमच्या मते यामागे एक नीतितत्त्व आहे: अनुपस्थिताने उपस्थितापेक्षा कमी जागा मागावी. नळावर रांगेत घागर ठेवून बाई घरी जाते. रांगेतल्या शेजारणी ती घागर पुढे सरकवितात. हा लोभ आहे, हक्क नव्हे. घागरीने शेजारणीला ढकलून पुढे जावे, असे कोणत्याही गावात चालत नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो पोकळ नाही. यंत्र माणसाहून शिस्तीचे असते. ते रागावत नाही, वेळ चुकवीत नाही, जागा मोकळी आहे की नाही हे न कंटाळता तपासते. उलट उर्मट माणसे प्रत्येक पट्ट्यावर भेटतात. हे सर्व खरे. परंतु यंत्र लहर आहे की नाही एवढेच पाहते. अर्ध्याच ऐकू येणाऱ्या संभाषणाचा अर्थ लावून ते संकोचत नाही. शिवाय उर्मट माणसाला निदान ‘जरा थांबा’ म्हणता येते. ज्याला कोणी थांबवू शकत नाही, त्याचे सौजन्य कितीही काटेकोर असले तरी अपुरेच. गुराखी नसताना गुरे दुसऱ्याच्या शेतात शिरली, तर कोंडवाड्याचा दंड बैल भरीत नाही, धनी भरतो. त्याचप्रमाणे नियंत्रणाची पद्धत कोणतीही असो, केंद्र नीट चालविण्याची जबाबदारी माणसाचीच, असे नियमही सांगतो.

२०१७ साली प्रचारात आलेल्या ‘एफ.टी.८’ या पद्धतीने हा प्रश्न अधिक तीव्र केला. १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळविणारे जोसेफ टेलर आणि स्टीव्ह फ्रँके हे तिचे कर्ते. पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्यांनी संदेशांची देवघेव होते आणि बहुतेक काम संगणक करतो. तथापि धन्याचा हात काही काळ लागला नाही, तर प्रक्षेपण बंद पाडणारा राखणदार त्या आज्ञावलीत ठेवलेला आहे. अमेरिकेतील हौशी मंडळींच्या ए.आर.आर.एल. या संस्थेनेही दूरदेशीय संपर्कांच्या मानपत्रासाठी दोन्ही बाजूंच्या माणसांनी स्वतः संपर्क आरंभिलेला असावा, अशी अट घातली आहे. दोन संच रात्रभर एकमेकांना ओळख देत राहिले आणि दोघेही धनी निजलेले असले, तर वहीत भेटीची नोंद होते. पण कोण कोणाला भेटले?

२६ डिसेंबर २००४ रोजी अंदमान-निकोबारवर त्सुनामी कोसळली, तेव्हा हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओच्या उपक्रमानिमित्त श्रीमती भारती प्रसाद पोर्ट ब्लेअर येथे होत्या. दळणवळण विस्कळीत झाले असता त्यांच्या संचावरून द्वीपांची खबर मुख्य भूमीस कळत राहिली. अशी हाक कोणत्या क्षणी आणि किती क्षीण येईल, हे वेळापत्रकात लिहिलेले नसते. ती येण्यापुरती जागा मोकळी ठेवणे आणि ती ऐकण्यास कोणीतरी जागे असणे, या दोन्ही गोष्टी माणसाने आपल्याकडेच ठेवाव्यात. बोलण्याचे काम यंत्रावर खुशाल सोपवावे. ऐकण्याचे कर्तव्य मात्र सोपवून मोकळे होता येत नाही.