जू कुणी ठेवलं?

कादंबरी आणि खऱ्या हकिकतीचं पुस्तक एकापाठोपाठ वाचलं की एकाच दुःखाच्या दोन बाजू दिसतात. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) आणि गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) नुकतीच अशी लागोपाठ वाचली आणि हे नीट उमगलं.

दोन्ही पुस्तकांत शिकलेलं माणूस बाहेरून येतं. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीत एक कोवळा मास्तर शाळा चालवायला जातो. गोदावरीबाई कायद्याच्या पदवीधर. त्या किसान सभेच्या कामासाठी डहाणू, तलासरी, उंबरगावकडच्या वारल्यांच्या पाड्यांवर हिंडतात. मास्तर कल्पित आहे, बाई खऱ्या. दोघांनाही आधी लोकांचा विश्वास मिळवावा लागतो.

‘बनगरवाडी’तला शेकू एका बैलाचा धनी. पेरणीच्या दिवसांत दुसरा बैल कुठे मिळत नाही, तेव्हा त्याची बायको बैलाच्या जोडीला स्वतः जुवाखाली उभी राहते. माडगूळकर तिची कीव करत नाहीत की तिचं कौतुकही करत नाहीत. ते नुसतं दाखवतात. त्यामुळे तिची हिंमत, त्या दोघांचा संसार, वेळ टळून जाण्याची धास्ती हे सगळं वाचणाऱ्याला आपलं आपण कळतं. ती बाई आपल्या ओळखीची होते.

वारल्यांच्या पुस्तकात ‘लग्नगडी’ भेटतात. लग्नाच्या खर्चासाठी मालकाकडून कर्ज काढायचं आणि ते फिटेपर्यंत त्याच्याकडे राबायचं. लग्न झालं की नवरीनेही राबायचं. हिशेब मालकाच्या हातात, त्यामुळे कर्ज फिटतच नसे. म्हणजे हे जोडपंही जुवाखालीच. फरक एवढाच की शेकूच्या बायकोने जू आपल्या मनाने घेतलं, या बाईच्या मानेवर ते लग्नाच्या कर्जाने आलं. ते कुणी ठेवलं, कशाच्या जोरावर, आणि त्याचा फायदा कुणाला, हे गोदावरीबाई सरळ सांगतात.

कादंबरीच्या अखेरीस दुष्काळ येतो. मेंढरं मरतात, माणसं वाडी सोडून जातात. जाब कुणाला विचारणार? पाऊस पडला नाही, एवढंच हाती उरतं. परुळेकरांच्या पुस्तकात जाब विचारायला जागा आहे. मे १९४५मध्ये झरीच्या सभेत वारल्यांनी वेठ न करण्याचं ठरवलं. त्याच वर्षी गवतकापणीच्या मजुरीसाठी संप झाला. ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगड आणि त्याच्यासोबतचे लोक मारले गेले. एवढं सोसूनही वेठ मोडली. माणसाने लादलेलं माणूस उतरवू शकतो, याचा हा पुरावा आहे.

म्हणून खऱ्या हकिकतीचं पुस्तक जास्त उपयोगाचं, असं म्हणायचा मोह होतो. मला ते पटत नाही. शेकूची बायको मनात असल्यामुळेच लग्नगड्याची बायको मला नुसता पुरावा वाटली नाही. तिचाही एक संसार असेल, तिलाही पेरणीची घाई असेल, हे मला कादंबरीनेच शिकवलं. उलट, लग्नगड्यांचं वाचून झाल्यावर शेकूकडे परत वळलो तेव्हा एक नवा प्रश्न पडला: या घरात एकच बैल का? माडगूळकरांनी तो प्रश्न मोठ्याने विचारलेला नाही, पण वाचणाऱ्याने विचारावा इतकी जागा त्यांनी ठेवली आहे.

कादंबरी माणसाची ओळख करून देते, हकिकत त्याच्या मानेवरचं ओझं मोजून दाखवते. नुसती ओळख असली तर हळहळून आपण मोकळे होतो, आणि नुसती मोजदाद असली तर माणूस आकड्यात हरवतो. म्हणून एकच सुचवतो. एखादी कादंबरी मनाला लागली की तिच्याच मुलखातलं, तिच्याच काळातलं एक हकिकतीचं पुस्तक लगेच हाती घ्या आणि दोन्ही जोडीने वाचा.